रोग दिसल्यावर नाही, आधी
भाऊ, द्राक्षावर केवडा रोगाचे (डाऊनी मिल्ड्यू) डाग दिसल्यावर सॅलिसिलिक अ‍ॅसिड मारून फारसं काही हाती लागणार नाही. ते बुरशी मारत नाही, झाडाला सावध करतं. १९६१ मध्ये वनस्पतिरोगांचे अभ्यासक फ्रँक रॉस यांनी तंबाखूच्या खालच्या पानांना मोझॅक विषाणूची लागण केली. काही दिवसांनी वरच्या पानांवर तोच विषाणू लावला, तर ठिपके कमी आणि बारीक आले. म्हणजे खालच्या पानाचा निरोप वर पोचला होता! सॅलिसिलिक अ‍ॅसिड झाडात अशीच तयारी सुरू करतं. पण या तयारीला काही दिवस लागतात, म्हणून ढगाळ हवा यायच्या आतच फवारा. मात्रा वाढवू नका, पानं करपतात. वाढही खुंटू शकते. आणि बुरशीनाशक बंद करू नका, दुकानदार काहीही सांगो.