पोलीस ठाण्यातल्या शिपायाने सायबर, बीडीडीएस (बॉम्ब शोधक व नाशक पथक) किंवा फोर्स वनमध्ये कसं जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महाराष्ट्रात जिल्हा पोलीस दलात शिपाई आहात, बंदोबस्त आणि समन्स-वॉरंटला कंटाळलात, एखाद्या विशेष शाखेत जायचंय, तर अर्ज कुठे करायचा? मी याच खात्यात हवालदार आहे आणि बरीच नोकरी तांत्रिक तपासाच्या कामात गेली. त्यावरून सांगतो.

अर्ज शेवटी येतो. आधी तुमचं नाव कुणाच्या तरी तोंडात असावं लागतं. एलसीबी (स्थानिक गुन्हे शाखा) किंवा सायबरला माणूस हवा असला की तिथले पीआय (पोलीस निरीक्षक) ठाण्यात फोन करून विचारतात, "अमुक काम येणारा कोण आहे तुमच्याकडे?" त्या क्षणी ठाणेदाराला तुम्ही आठवलात तर निम्मं काम झालं. याला कुणी वशिला म्हणतं. काही वेळा असतोही. पण काम येणाऱ्याला वशिल्याशिवाय नेलेलं मी बऱ्याचदा पाहिलंय, कारण आरोपी मिळाला नाही तर उत्तर त्या पीआयलाच द्यावं लागतं.

सायबरचं म्हणाल तर सुरुवात ठाण्यातूनच करा. फसवणूक झालेला माणूस दारात आला की बहुतेक जण त्याला सायबरचा रस्ता दाखवतात. तुम्ही त्याला बसवा, 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावून द्या, व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक नीट वाचून सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार भरून घ्या. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी होल्ड झाले तर दुसऱ्या दिवशी ठाण्यात तुमचंच नाव निघतं.

मग सीडीआर, म्हणजे मोबाईल कंपनीकडून येणारा कॉलचा तपशील, वाचायला शिका. ते मागवायचा अधिकार अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे, त्यामुळे मागणी वरूनच जाते. पण आलेली एक्सेल फाईल वाचणारा माणूस ठाण्यात क्वचितच असतो. कोणता नंबर रात्री कोणत्या टॉवरखाली झोपतो, एकाच हँडसेटमध्ये दुसरं सिम कधी पडलं, हे त्यातून निघतं. नवखा इथे एका गोष्टीला हमखास फसतो. बिलावरचा आयएमईआय (हँडसेटचा पंधरा आकडी ओळख क्रमांक) आणि सीडीआरमधला आयएमईआय जुळत नाही म्हणून तो धागा सोडून देतो. सीडीआरमध्ये पंधरावा आकडा बहुधा शून्य येतो, म्हणून पहिले 14 जुळवायचे. असल्या बारीक गोष्टी ज्याला येतात, त्याला एलसीबीवाले शोधत येतात.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावर आणखी एक वाट उघडली आहे. झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाईलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारा कोड) लागतं. हे बिनचूक करणारा अंमलदार प्रत्येक तपासी अधिकाऱ्याला हवाहवासा वाटतो. सायट्रेन पोर्टलवर पोलिसांसाठी मोफत ऑनलाइन कोर्स आहेत, ते करा आणि प्रमाणपत्राची सेवापुस्तकात नोंद करून घ्या. नोंद नसलेलं प्रशिक्षण खात्याच्या हिशेबी झालेलंच नसतं.

एक मात्र आधीच समजून घ्या. आयटी अ‍ॅक्टच्या कलम 78 प्रमाणे त्या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करत नाही. म्हणजे राबणार तुम्ही आणि कागदावर नाव साहेबांचं. हे पचत नसेल तर ठाण्याची डीबी (गुन्हे प्रकटीकरण पथक) बरी.

फोर्स वनची गोष्ट वेगळी. 26/11 नंतर उभं राहिलेलं हे कमांडो दल. तिथे धावणं, फायरिंग आणि वय बोलतं. जायचं तर तरुणपणीच. सी-60 हे 1990 मध्ये गडचिरोलीत सुरू झालेलं पथक, मुख्यतः तिथल्याच स्थानिक पोरांचं. बाहेरच्या जिल्ह्यातून त्याकडे करिअर म्हणून बघू नका. चालक शिपाई आणि बिनतारी संदेश यांची भरतीच वेगळी असते.

बीडीडीएस आणि श्वान पथकाला अर्ज करणारे कमी, म्हणून तिथे जागा मिळायची शक्यता बरी. पण श्वान पथकात जाताना घरी विचारा. कुत्रं सरकारी असलं तरी ते ऐकतं हँडलरचं. खाणं, खरारा, रोजचा सराव सगळं तुमच्याकडे, आणि रात्री-अपरात्री कॉल आला की दोघांनी निघायचं. सुट्टी टाकतानाही आधी त्याची सोय लावावी लागते. ज्यांना हे आवडतं ते दुसरीकडे जायचं नाव काढत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही. "ये रे, उद्यापासून आमच्याकडे बस" असं तोंडी सांगून नेतात, त्याला संलग्न म्हणतात. पगार जुन्या ठाण्यातून निघतो आणि संख्याबळातही तुम्ही तिथलेच राहता. साहेब बदलले की नवे साहेब एका ओळीच्या आदेशाने मूळ ठाण्यात पाठवतात. अंमलदाराचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कार्यकाळ महाराष्ट्र पोलीस अधिनियमात पाच वर्षांचा आहे, पण तो मोजायला बदलीचा लेखी आदेश हवा. म्हणून गेल्यावर महिना-दोन महिन्यांत आस्थापना शाखेत जाऊन रीतसर आदेशाचा विषय काढा. प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या घटकात जात असाल तर मूळ घटकाच्या ज्येष्ठता यादीवर दरवर्षी नजर ठेवा, बढतीच्या वेळी तीच बघतात.

अर्ज नेहमी ठाणेदारामार्फतच द्या, परस्पर वर नको. एक पान पुरे: कोणत्या गुन्ह्यात काय काम केलं, कोणती बक्षिसं मिळाली, कोणतं प्रशिक्षण झालं. "मला आवड आहे" हे वाक्य गाळलंत तरी चालेल, ते सगळ्यांच्याच अर्जात असतं.