‘सेल सॉर्टिंग’ला वर्गीकरण म्हणावं का?

देवगडहून जीवशास्त्राच्या एका शिक्षिकेने विचारलंय: बारावीच्या मुलांसाठी तक्ता करताना ‘फ्लुरोसन्स ॲक्टिव्हेटेड सेल सॉर्टिंग’चं (पेशींना रंग लावून, त्या कशा उजळतात त्यावरून वेगळ्या काढण्याच्या तंत्राचं) ‘प्रतिदीप्ती-सक्रियित पेशी वर्गीकरण’ केलं, पण मुलांना काही उमगेना. दुसरं काय लिहावं?

‘प्रतिदीप्ती’ला हात लावू नका. शब्द नेमका आहे. बाहेरून प्रकाश पडला की पदार्थ प्रत्युत्तरादाखल वेगळ्या रंगाचा प्रकाश देतो, हे त्या ‘प्रति’त आलं. ‘फ्लुरोसन्स’ हा इंग्रजी शब्द ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सने १८५२ साली फ्लोरस्पार या खनिजावरून बेतला, त्यातून इतकाही बोध होत नाही. मात्र आपल्या किनाऱ्यावर रात्री चमकणाऱ्या निळ्या लाटांना हा शब्द लावू नये. त्या लाटांतले सूक्ष्मजीव रासायनिक क्रियेतून स्वतःच उजेड करतात, ती जीवदीप्ती.

घोटाळा ‘सक्रियित’चा आहे. वाचणाऱ्याला वाटतं, प्रकाशाने पेशी सक्रिय झाल्या. तसं काही होत नाही. इंग्रजीतलं ते विशेषण पेशीचं नव्हे, सॉर्टिंगचं आहे: पेशीकडून ठरावीक प्रकाश आला, तर यंत्र ती बाजूला काढतं. मराठीत एवढं सांगायला ‘नुसार’ पुरे.

आता ‘वर्गीकरण’. ते कागदावरही होतं. वनस्पतींचं वर्गीकरण करायला झाड हलवावं लागत नाही. इथे तर पेशी खरोखर उचलून वेगळ्या नळीत जाते. आपल्याकडच्या कुणालाही ‘प्रतवारी’ सुचेल, कारण हापूसची आणि काजूगराची तीच होते. पण प्रतवारीत वरची प्रत, खालची प्रत आली. पेशींत असं उच्चनीच नाही. आजच्या प्रयोगात टाकून दिलेली पेशी उद्याच्या प्रयोगात हवी असेल.

माझं मत ‘निवडणे’ला. चाळताना भोकाचा आकार ठरवतो, पाखडताना वजन. निवडताना मात्र दाणान् दाणा नजरेखालून जातो. यंत्र हेच करतं. आधी प्रतिपिंडाला, म्हणजे ठरावीक पेशींनाच चिकटणाऱ्या प्रथिनाला, जोडलेला रंग हव्या त्या पेशींना चिकटवतात. मग बारीक धारेतून पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात. ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडला की फ्लुरोसीनसारखा रंग हिरवा उजळतो. धार सतत कंप पावत असते, त्यामुळे पुढे तिचे सेकंदाला हजारो थेंब होतात. हवी ती पेशी असलेला थेंब सुटतो, नेमक्या त्या क्षणी धारेला विद्युतभार दिला जातो, आणि दोन भारित पट्ट्यांमधून पडताना तो थेंब बाजूच्या नळीकडे वळतो. भार नसलेले सरळ खाली. थेंबात शेजारी नकोशी पेशी आली असेल, तर सहसा तो थेंबच सोडून देतात. तांदळातल्या खड्याबाबत आपण इतके कडक नसतो!

थेंबांची ही युक्ती शाईच्या फवाऱ्याने छपाई करण्याच्या तंत्रातली. मॅक फुलवायलर यांनी १९६५ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत ती पेशींसाठी वापरली, पण निवड होती आकारमानावरून. प्रतिदीप्तीवरून निवडणारं यंत्र स्टॅनफर्डमध्ये लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने १९६९मध्ये मांडलं.

मुलांना जवळचं उदाहरण हवं असेल तर गाईच्या कृत्रिम रेतनाचं द्या. पाडीच व्हावी म्हणून मिळणाऱ्या ‘लिंगविनिश्चित’ वीर्यमात्रा बऱ्याचदा याच तंत्राने तयार होतात. बैलाच्या एक्स शुक्राणूत (ज्यातून पाडी होते) वाय शुक्राणूपेक्षा (ज्यातून पाडा होतो) डीएनए सुमारे चार टक्के जास्त. डीएनएला चिकटणारा रंग त्यामुळे किंचित जास्त उजळतो, आणि तेवढ्या फरकावर निवड होते. ‘विनिश्चित’ म्हणजे खात्रीच, असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात दहात एखादा पाडा होतोच. ‘निवडलेलं वीर्य’ जास्त प्रामाणिक झालं असतं.

तर तक्त्यावर ‘प्रतिदीप्तीनुसार पेशींची निवड’ लिहा, यंत्राला ‘पेशी-निवडयंत्र’. आणि प्रतिदीप्ती सुटी असताना दीर्घ, पण ‘प्रतिदीप्तिमापक’सारख्या समासात ऱ्हस्व, बुद्धी आणि बुद्धिमान यांच्यासारखंच.