पँथर शॅमेलियन या रंग बदलणाऱ्या सरड्याची पिल्लं अंड्यातच मरतात. ब्रीडिंगसाठी कोणता यूव्ही लाइट लावावा आणि किती अंतरावर?

तुम्ही लिहिलंय की मादी नीट अंडी घालते, अंडी कित्येक महिने छान टिकतात, आणि शेवटी फोडून पाहिल्यावर आत पूर्ण वाढ झालेलं पिल्लू मेलेलं निघतं. खाद्याला डी३ची (ड जीवनसत्त्वाची) पावडर आहे, पिंजऱ्यावर ‘यूव्ही बल्ब’ही आहे. अशा वेळी इन्क्युबेटरचं तापमान आणि व्हर्मिक्युलाइटचा (अंडी ज्यात पुरतात त्या खनिज भुशाचा) ओलावा तपासाच, पण मला पहिला संशय मादीला मिळणाऱ्या यूव्हीबीचा, म्हणजे कातडीत ड जीवनसत्त्व बनवणाऱ्या अतिनील किरणांचा येतो. पिल्लाला लागणारं ड जीवनसत्त्व बलकातून मिळतं आणि बलकात ते आईच्या शरीरातून उतरतं. टेक्सासच्या गॅरी फर्ग्युसन यांच्या गटाने २००२ साली पँथरच्या माद्यांवरच हे अभ्यासलं: अंड्यातून पिल्लं बाहेर येणं हे मादीला किती यूव्हीबी मिळालं याच्याशी जोडलेलं आहे. म्हणून अंडी घातल्यावर केलेल्या सुधारणेचा या खेपेला उपयोग नाही. मेटिंगच्या निदान दोन-तीन महिने आधीपासून मादी योग्य ट्यूबखाली हवी.

आता ट्यूब. गोल पिळाचा कॉम्पॅक्ट बल्ब काढून टाका. त्याचा झोत अरुंद असतो आणि थोडं अंतर वाढलं की यूव्हीबी झपाट्याने घटतं. टी५ एचओ (बारीक, ‘हाय आउटपुट’ म्हणजे जास्त ताकदीची) प्रकारची, डब्यावर यूव्हीबीचं प्रमाण ५.० किंवा ६ टक्के लिहिलेली रेप्टाइल ट्यूब घ्या: दोन फुटी पिंजऱ्याला २४ वॅट, तीन फुटीला ३९ वॅट. इथे एक फसगत नेहमी होते. २४ वॅटची एचओ ट्यूब साध्या १४ वॅट टी५च्या पट्टीत (ट्यूब बसवायच्या फिटिंगमध्ये) अगदी बरोबर बसते, कारण लांबी एकच आहे. ती पेटतेही. पण चोक कमी ताकदीचा असल्याने यूव्हीबी फारच कमी पडतं. पट्टीवर एचओ आणि वॅट छापलेले बघूनच घ्या, मागे चकचकीत रिफ्लेक्टर हवा. मत्स्यालयाची पट्टी वापरत असाल तर तिची काच किंवा अ‍ॅक्रिलिकचं झाकण काढा. काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. जाळीसुद्धा विणीप्रमाणे तिसरा हिस्सा ते निम्मं अडवते.

आणि कळकळीने सांगतो, ‘यूव्ही ट्यूब’ म्हणून वॉटर प्युरिफायरची ट्यूब आणू नका. ती यूव्हीसी असते, २५४ नॅनोमीटरची, जंतू मारणारी. तिने सरड्याचे डोळे आणि कातडी भाजते, तुमचीसुद्धा. स्वस्त जांभळ्या एलईडीत यूव्हीबी नसतंच.

अंतर ठरवताना वॅट नाही, यूव्ही इंडेक्स (त्या जागी यूव्ही किती तीव्र पोचतं याचा आकडा) बघायचा. उन्हाला बसायच्या फांदीवर सरड्याच्या पाठीच्या उंचीला ३च्या आसपास, आणि खाली पानांच्या आड जवळपास शून्य. जाळीवर ठेवलेल्या ६ टक्केच्या ट्यूबखाली हा आकडा साधारण २० सेंटिमीटरवर मिळतो, पण ही फक्त सुरुवात समजा. हा इंडेक्स मोजणारा सोलारमीटर ६.५ महाग आहे, तरी ब्रीडिंग करायचं तर तो घ्या किंवा मिळून घ्या. फांदीपासून नव्हे, पाठीपासून मोजा. बसलेल्या सरड्याची पाठ आणि शिरपेच (डोक्यावरचा उंचवटा) फांदीच्या बऱ्याच वर असतात. शॅमेलियन छताच्या जाळीला उलटा लटकतो, तिथे आकडा कितीतरी जास्त असतो. म्हणून पट्टी ठोकळ्यांवर ४-५ सेंटिमीटर उचलून ठेवा आणि फांदी तेवढी वर घ्या. डोळे सुजले, दिवसा मिटलेले राहिले किंवा शिरपेचावर काळे डाग पडले, तर ट्यूब फार जवळ आहे.

बास्किंग बल्ब (ऊब देणारा दिवा) ट्यूबच्या अगदी शेजारी हवा. कातडीत यूव्हीबीने तयार होणारा पदार्थ उबेमुळेच डी३मध्ये बदलतो, त्यामुळे ऊब एका कोपऱ्यात आणि यूव्ही दुसऱ्यात असं चालत नाही. मादीला २८-२९ अंश पुरे. दोन्ही मिळून १२ तास.

यूव्ही नीट बसलं की डी३ची पावडर रोज देऊ नका. रोज साधं कॅल्शियम, डी३ व जीवनसत्त्व अ असलेली पावडर पंधरवड्यातून एकदा. पोटातून जास्त गेलेलं डी३ साठत जातं. कातडीत बनणारं शरीर स्वतः आवरतं. आहारात डी३ कमी असेल तर पँथर आपणहून यूव्हीखाली जास्त वेळ बसतो, जास्त असेल तर सावलीत जातो. म्हणून दाट सावली द्यायलाच हवी, निवड त्याला करू द्या.

सकाळचं कोवळं ऊन जाळीच्या पिंजऱ्यात वीस-पंचवीस मिनिटं मिळालं तर उत्तमच, अर्धा पिंजरा झाकून. काचेच्या टाकीत मात्र कधीच नाही, काही मिनिटांत जनावर उकडून मरतं. पावसाळ्यात ट्यूबवरच भिस्त. ती डोळ्यांना उजळ दिसते तरी यूव्हीबी ओसरत जातं. मीटर नसेल तर वर्षाने बदला, नव्या ट्यूबचे पहिले १०० तास रीडिंग उतरतं हेही धरा.

पिल्लं निघाली की त्यांनाही हीच ट्यूब, वरच्या फांदीवर यूव्ही इंडेक्स २ ते ३, आणि त्याखाली पानांची गच्च दाटी.