प्रेट्झल हॉटडॉग: पत्रांतून आलेले प्रश्न

मागच्या अंकात मी प्रेट्झलच्या (वेढा वळून, क्षाराच्या पाण्यातून काढून भाजलेल्या तांबूस पावाच्या) पिठात गुंडाळलेल्या हॉटडॉगची, म्हणजे नुसत्या सॉसेजची, कृती दिली होती. ज्यांच्याकडे तो अंक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात पुन्हा सांगते. 500 ग्रॅम मैदा (अमेरिकेत असाल तर ब्रेड फ्लोअर), 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 10 ग्रॅम मीठ, 15 ग्रॅम ब्राउन शुगर, 40 ग्रॅम लोणी आणि 280 मिलिलिटर कोमट पाणी एकत्र करून घट्टसर पीठ मळायचं. तासभर फुगू द्यायचं. मग दहा उंडे करून प्रत्येकाची दोन फुटांच्या आसपास लांब दोरी वळायची आणि ती हॉटडॉगभोवती गुंडाळायची. खाण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवून काढायचं, अंडं लावायचं, जाडं मीठ भुरभुरायचं आणि 230 अंश सेल्सिअसला (450 फॅरनहाइट) 13 ते 15 मिनिटं भाजायचं.

कृती एवढीच. पण पत्रं वाचताना लक्षात आलं की बहुतेक सगळ्यांचं अडलंय ते त्या सोड्याच्या पाण्यापाशी.

ताई, तुमच्या कृतीनं केलेले हॉटडॉग चवीला बरे झाले, पण रंग पावासारखा फिकट आला. दुसऱ्या वेळी सोडा दुप्पट घेतला आणि दोन मिनिटं उकळू दिले, तर साबणासारखी चव आली. माझं काय चुकतंय? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

तुमचं पत्र वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. मी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत राहते. इथल्या लोकांना पेनसिल्व्हेनिया डच म्हणतात, पण हे डच हॉलंडचे नव्हेत. जर्मन बोलणाऱ्या मुलखातून जे आले त्यांचे हे वंशज, आणि प्रेट्झल त्यांनीच इथे आणलं. आमच्यापासून जवळच लिटिट्झ नावाचं टुमदार गाव आहे. तिथे ज्युलियस स्टर्जिस यांनी 1861 साली सुरू केलेली प्रेट्झलची बेकरी अजून बघायला मिळते, आणि येणाऱ्यांना स्वतःच्या हातानं प्रेट्झल वळूनही बघता येतं. मुलं लहान असताना आम्ही तिथे गेलो होतो. लहानपणापासून आईबरोबर कडबोळी वळलेली असल्यामुळे माझा वेढा पहिल्याच फटक्यात जमला. त्या आनंदात घरी येऊन हॉटडॉग करायला घेतले आणि तुमच्यासारखेच फिकट, पांढरट निघाले.

शेजारच्या आजींनी मला समजावलं ते असं. प्रेट्झलला पावापासून वेगळं करतो तो क्षार, आकार नव्हे. पीठ क्षाराच्या पाण्यातून निघालं की त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च शिजून पातळ, चिकट थर होतो. भट्टीत गेल्यावर पिठातली प्रथिनं आणि साखर यांची जी प्रक्रिया पदार्थाला तपकिरी करते, ती क्षारामुळे फार जोरात होते. तो तांबूस तुकतुकीत रंग आणि प्रेट्झलचा तो खास वास दोन्ही तिथूनच येतात. बेकऱ्यांमध्ये यासाठी कॉस्टिक सोड्याचं (सोडियम हायड्रॉक्साइड या फार तीव्र क्षाराचं) 3 ते 4 टक्के द्रावण वापरतात. आपला खाण्याचा सोडा त्याच्यापुढे अगदी सौम्य आहे, त्यामुळे रंग थोडा कमी येणं साहजिक आहे. पण तुमचा आला तितका फिकट यायला नको.

तुमच्या पत्रात पाण्याचं माप नाही. दोन लिटर पाण्याला अर्धा कप, म्हणजे साधारण 120 ग्रॅम सोडा लागतो. चमचाभर सोड्यानं काहीच होत नाही. सोडा उकळत्या पाण्यात एकदम ओतू नका. तो फसफसून वर येतो आणि गॅसवर सांडतो. चमच्याचमच्यानं घाला. पाणी मंद उकळत ठेवा आणि एकेक हॉटडॉग 20 ते 30 सेकंदच बुडवा. झाऱ्यानं उचलून पाणी पूर्ण निथळू द्या. दोन मिनिटं ठेवलंत म्हणून साबणाची चव आली. पिठानं सोड्याचं पाणी पिऊन घेतलं आणि ते आत राहिलं. रंग हवा म्हणून वेळ वाढवायची नाही. त्यासाठी भट्टी कडक तापलेली हवी, आणि अंड्याचा हात फिरवायला विसरायचं नाही.

आणखी एक गोष्ट आजींनी शिकवली, ती मागच्या वेळी लिहायची राहिली. गुंडाळून झालेले हॉटडॉग बुडवण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये उघडे ठेवा. वरून किंचित सुकून त्यांना साय धरल्यासारखी होते. मग ते पाण्यात सुटत नाहीत आणि रंगही सारखा चढतो.

भांडं स्टीलचंच घ्या. मी कोल्हापूरहून आणलेलं आईचं हिंडालियमचं पातेलं घेतलं होतं, ते आतून काळंठिक्कर पडलं. गरम क्षार ॲल्युमिनियमला खातो. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला काढलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मॉलमधल्या प्रेट्झलसारखा गडद रंग हवा आहे. कॉस्टिक सोडा घरी वापरला तर चालेल का? की आपला पापडखार चालेल? (एक वाचक, पुणे)

कॉस्टिक सोडा मी घरात आणत नाही. खाण्याच्या दर्जाचा मिळतो, आणि भट्टीच्या उष्णतेत त्याचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन खाताना काही अपाय होत नाही, हे खरं आहे. पण कच्चं द्रावण कातडी भाजतं आणि डोळ्यांत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. बेकरीत हातमोजे, चष्मा, वेगळी जागा, सगळं असतं. आमच्या ओट्याशी नातवंडं उभी असतात. तुमच्याही घरी कुणी असेलच.

पापडखाराचा विचार तुम्ही केलात याचा मला फार आनंद झाला, कारण गोष्ट तीच आहे. पापडाच्या पिठाला जो क्षार लागतो त्याच घराण्यातला क्षार प्रेट्झलला लागतो. फक्त बाजारातला पापडखार प्रत्येक दुकानात सारखा नसतो, म्हणून त्याचं माप मी सांगणार नाही. त्याऐवजी हे करा. खाण्याचा सोडा 100 ग्रॅम एका स्टीलच्या ताटलीत पसरा आणि 120 अंश सेल्सिअसला एक तास ओव्हनमध्ये भाजा. त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातं आणि सोडियम बायकार्बोनेटचं सोडियम कार्बोनेट होतं. वजन घटून साठ-पासष्ट ग्रॅमच्या आसपास उरतं. हा भाजलेला सोडा साध्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो. दोन लिटर पाण्यात 60 ग्रॅम घाला आणि 20 सेकंदांपेक्षा जास्त बुडवू नका. हातानं चाळवू नका, कातडीला झोंबतो. उरलेला घट्ट झाकणाच्या बाटलीत महिनोन्‌महिने टिकतो. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, नाहीतर कुणीतरी ढोकळ्यात घालेल.

दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा मात्र वापरू नका. तोही कार्बोनेटच, पण खाण्यासाठी केलेला नसतो. आणि बेकिंग पावडर म्हणजे सोडा नव्हे. ही गल्लत झाल्याची या महिन्यात तीन पत्रं आहेत.

तुमच्या ओटीजीबद्दलही विचारलंत. छोट्या ओव्हनमध्ये वरची कांडी जवळ असते, म्हणून 215 ते 220 ला ठेवा आणि अर्ध्या वेळानं ट्रे फिरवा. बटर पेपरला तेलाचा हात नक्की लावा. क्षारातून निघालेलं पीठ कोऱ्या कागदाला असं चिकटतं की कागदासकट खावं लागतं.

गुंडाळलेलं पीठ भाजताना सुटतं आणि हॉटडॉग आत मोकळा हलतो. (एक वाचक, टोरांटो)

पाकिटातून काढलेला हॉटडॉग ओला असतो. कागदी रुमालानं अगदी कोरडा पुसा. मीही सुरुवातीला तसाच ओला गुंडाळत असे, आणि आत पोकळी राहून वाफेनं पीठ फुगत असे. दोरी वळताना ओट्यावर पीठ भुरभुरू नका. कोरड्या ओट्यावर पीठ जरा पकड घेतं तेव्हाच दोरी लांब होते. मागे आखडत असेल तर पाच मिनिटं सोडून दुसरी वळायला घ्या, परत आलात की ती ऐकते. गुंडाळताना ओढू नका, नुसती टेकवत जा. दोन्ही टोकं आधीच्या वेढ्याखाली दाबा आणि भाजताना ती बाजू खाली ठेवा. हॉटडॉगची टोकं उघडी राहिली पाहिजेत, वाफ तिथूनच बाहेर पडते.

आमच्याकडे बीफ आणि पोर्क चालत नाही. घरात दोघं शाकाहारी आहेत. (एक वाचक, डॅलस)

चिकन किंवा टर्कीचे घ्या, पण पाकिटाची बारीक अक्षरं वाचा. मांस चिकनचं असलं तरी वरचं आवरण डुकराच्या आतड्याचं असू शकतं. बिनआवरणाचे मिळाले तर प्रश्नच नाही.

शाकाहारी मंडळींसाठी मी पनीर वापरते, आणि मनापासून सांगते, आमच्या घरी आधी तेच संपतात. मोझरेला घेतला तर तो वितळून ट्रेभर पसरतो. पनीर आंबटानं फाडलेलं असतं, त्यामुळे ते तापलं तरी वितळत नाही, आकार धरून राहतं. बोटाएवढ्या जाडीच्या लांब कांड्या कापा. आलं-लसूण-हिरवी मिरचीचं वाटण, मीठ आणि थोडं लिंबू लावून तव्यावर सगळ्या बाजूंनी परता, म्हणजे पाणी सुकतं. गार झाल्यावरच गुंडाळा. पनीर कधीकधी वाकवताना तुटतं, म्हणून हे पाण्यात बुडवण्याऐवजी ब्रशनं सोड्याचं कढत पाणी दोनदा लावते. रंग थोडा कमी येतो.

बटाट्याची भाजी भरून बघितली होती, वडापावची आठवण काढत. पीठ जाड लागलं आणि भाजी कोरडी झाली. मी पुन्हा करणार नाही.

माझी मुलगी तीन वर्षांची आहे, तिला हे फार आवडतात. आठवड्याला डब्यात दिले तर चालतील ना? (एक वाचक, लंडन)

आधी सगळ्यात महत्त्वाचं. चार वर्षांखालच्या मुलांना हॉटडॉग अख्खा किंवा गोल चकत्या करून कधीही देऊ नका. ती गोल, लवचिक चकती लहान मुलाच्या श्वासनलिकेत बरोबर बसते. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ गुदमरण्याच्या धोक्यात हॉटडॉगचं नाव पहिल्या काही पदार्थांत घेतात. आधी उभा चिरा, मग पुन्हा उभा, मग बारीक तुकडे. मूल बसून खात असताना मोठं कुणी समोर असावं. डब्यात देऊ नका, कारण तिथे तुम्ही नसता.

दर आठवड्याला द्यावे का? मी देणार नाही. एका हॉटडॉगमध्ये साधारण 400 ते 500 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि वर आपण जाडं मीठ घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 साली प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केलं. आमच्याकडे हे वर्षातून चार-पाच वेळा होतात. तिला पीठ आवडत असेल तर नुसत्या पिठाचे छोटे तुकडे तसेच बुडवून, कमी मीठ घालून भाजून द्या.

घरात गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर हॉटडॉग आतपर्यंत वाफाळता, 74 अंश सेल्सिअसच्या वर तापलेला हवा. पाकिटातला शिजवलेला असला तरी लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो. भाजून निघालेला एक चिरून आत थर्मामीटर खुपसून बघा.

सोबत काय द्यावं? पिवळी मस्टर्ड मुलांना आवडत नाही. (एक वाचक, नागपूर)

फिलाडेल्फियात मऊ प्रेट्झल लांबट, एकमेकांना चिकटलेली मिळतात आणि त्यावर पिवळी मस्टर्ड ओततात. मला ती आवडते, पण घरी मी मोहरी फेसते. मोहरीची पूड गार पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेवायची आणि मग फेसायची, तिखटपणा पाणी लागल्यावरच जागा होतो. गरम पाणी घातलं तर तो मरतो. नाकात झणका गेला की थोडा गूळ, मीठ आणि व्हिनेगर. मुलांसाठी त्यात दुप्पट दही.

मंडळाच्या उन्हाळी सहलीसाठी 40 करायचे आहेत. आदल्या दिवशी करून ठेवता येतील का? (एक वाचक, शिकागो)

येतील. चार घाणे करा, एकदम चौपट मळू नका, घरच्या मिक्सरला झेपत नाही. आदल्या संध्याकाळी गुंडाळून ट्रेवर ठेवा, प्लास्टिकनं झाकून फ्रिजमध्ये. सकाळी झाकण काढून अर्धा तास ठेवा, मग बुडवा आणि भाजा. मीठ फक्त त्याच दिवशी खाल्ले जातील त्यांच्यावरच घाला. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि तासाभरात वरचा पापुद्रा चिकट होतो. उरतील असं वाटलं तर तेवढे बिनमिठाचे भाजून, गार करून फ्रीझरमध्ये टाका. नंतर पाण्याचा हात लावून, मीठ घालून 175 अंशाला आठ-दहा मिनिटं गरम करायचे.

नेताना डब्यात बंद करू नका. ताज्या वाफेनं सगळे ओले होतात. कागद घातलेल्या उघड्या खोक्यात न्या आणि वर पातळ पंचा टाका. पोचल्यापोचल्या वाढा. मांस आहे, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर एक तासच. शिकागोचा जुलै तुम्हाला माहीत आहे. मागे राहिलेले टाकून द्या.