वाचक विचारतात: किकर उभा राहिला की टाइमआउट घ्यावा का, आणि नेमका कधी?

प्रश्न: नमस्कार सर, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मोठा भाऊ अमेरिकेत आहे त्यामुळे त्याच्या नादाने एनएफएल, म्हणजे तिथली अमेरिकन फुटबॉलची लीग, बघायची सवय लागली, तिची फायनल म्हणजे सुपर बोल असला की सोमवारी पहाटे पाचला उठून बसतो आम्ही मित्र. पण एक गोष्ट डोक्यातच जाते. मॅचची शेवटची तीन सेकंदं उरलीयत, एका किकवर सगळं अवलंबून, किकर तयार, आणि चेंडू मागे येणार तेवढ्यात समोरचा कोच टाइमआउट घेतो. किक बसलेली असली तरी धरत नाहीत, परत मारायची. याला ते आइसिंग द किकर म्हणतात. याचा खरंच उपयोग होतो का? आणि घ्यायचाच तर अगदी शेवटच्या क्षणी घ्यावा की आधी? ग्रुपमध्ये यावरून दोन पार्ट्या पडल्यात.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे तुमच्या कुठल्या पार्टीत मी ते कळेल. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे फेकण्याच्या, तोंडावर घेतलेला टाइमआउट बहुतेक वेळा वाया जातो आणि कधी कधी चांगलाच अंगलट येतो. घ्यायचाच असेल तर किकर आपली पावलं मोजून जागेवर उभा राहिला की लगेच घ्यावा. आणि घड्याळात वेळ शिल्लक असेल तर मुळीच घेऊ नये.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फील्ड गोलचे 3 पॉइंट. लाँग स्नॅपर वाकून पायांमधून चेंडू सात-आठ यार्ड मागे फेकतो, गुडघा टेकून बसलेला होल्डर तो पकडतो, जमिनीवर उभा धरतो, चेंडूची शिवण किकरच्या पायाला लागू नये म्हणून फिरवतो, आणि किकर मारतो. हे सगळं साधारण 1.3 सेकंदात. समोर दोन खांब, मधलं अंतर 18 फूट 6 इंच, खालची आडवी दांडी जमिनीपासून 10 फुटांवर. चेंडू त्या दांडीच्या वरून आणि दोन्ही खांबांच्या मधून जायला हवा. 45-50 यार्डांवरून बघितलं तर ती फट केवढीशी दिसत असेल विचार करा.

टाइमआउट प्रत्येक टीमला एका हाफमध्ये 3, उरलेला पुढच्या हाफला चालत नाही. पूर्वी तो मैदानातल्या खेळाडूनेच मागायचा असायचा, 2004 पासून एनएफएलने हेड कोचला साइडलाइनवरून मागायची परवानगी दिली आणि तिथून या प्रकाराला धार आली. कारण आता कोच पंचाला शेजारी उभं करून ठेवतो, मी सांगेन तेव्हा शिट्टी मार म्हणून, आणि स्नॅपच्या अगदी क्षणभर आधी सांगतो. पुढच्या फळीतल्या खेळाडूंना त्या गोंगाटात शिट्टी ऐकूच जात नाही, स्नॅप होतो, किक मारली जाते, चेंडू खांबांमधून जातो, लोक नाचायला लागतात, आणि मग कळतं की ती धरलेलीच नाही.

हे सगळ्यात गाजलं 2007 च्या सप्टेंबरमध्ये. डेन्व्हर विरुद्ध ओकलंड, ओव्हरटाइम, ओकलंडचा सेबॅस्टियन यानिकोव्हस्की 52 यार्डांवरून मारतो, चेंडू आत, टीम जल्लोषात. पण डेन्व्हरचे कोच माइक शॅनहन यांनी त्याच्या आधीच टाइमआउट मागितलेला होता. दुसऱ्यांदा मारली तर चेंडू खांबाला लागून बाहेर, आणि नंतर डेन्व्हरने मॅच 23-20 अशी काढली. गंमत बघा, पुढच्याच आठवड्यात त्याच ओकलंडचे कोच लेन किफिन यांनी क्लीव्हलंडच्या फिल डॉसनवर तोच डाव टाकला, पहिली किक आत गेलेली, दुसरी ब्लॉक झाली, ओकलंड 26-24 ने जिंकलं. बस, सगळ्यांना वाटलं रामबाण उपाय सापडला.

आणि दोनच आठवड्यांनी, ऑक्टोबरमध्ये, बफलोने डॅलसच्या निक फोकवर हेच केलं, 53 यार्डांची किक. त्याने पहिली आत मारली, टाइमआउटमुळे रद्द झाली, त्याने परत त्याच अंतरावरून तशीच आत मारली. डॅलस 25-24. ही मॅच मात्र आइसिंगच्या गप्पांत फार कमी निघते. आपल्या डोक्यात राहतं ते चुकलेलं, कारण त्यात नाट्य असतं. टाइमआउटनंतरही शांतपणे आत गेलेली किक कोण लक्षात ठेवणार?

अंगलट येणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर 13 जानेवारी 2013 ची अटलांटा-सिएटल प्लेऑफ मॅच शोधून बघा. अटलांटाचा मॅट ब्रायंट, 49 यार्ड. सिएटलचे कोच पीट कॅरल यांनी शेवटच्या क्षणी टाइमआउट घेतला, ब्रायंटने तरी मारली आणि ती बाहेर गेली! म्हणजे टाइमआउट नसता तर सिएटल जिंकलेलं होतं. ब्रायंटला फुकटात एक प्रॅक्टिस मिळाली, चेंडू कुठे जातोय हे कळलं, दुसरी त्याने बरोबर मधोमध घातली, अटलांटा 30-28. हातातोंडाशी आलेला घास स्वतःच्या हाताने परत केला म्हणायचं.

म्हणूनच माझा शेवटच्या क्षणाला विरोध आहे. किकरचं सगळं कसब लयीवर चालतं, ठरलेली पावलं मागे, मग बाजूला, एकदा खांबांकडे बघायचं, मान खाली, होल्डरला इशारा. उशिरा घेतलेल्या टाइमआउटने ही लय मोडत नाही, उलट ती पूर्ण होते, त्याचा पाय मोकळा होतो आणि वाऱ्याचा अंदाज येतो. लय मोडायची असेल तर ती मधेच मोडायला हवी, तो जागेवर उभा राहिलाय, मनाने तयार झालाय, आणि अजून स्नॅपला बरेच सेकंद आहेत तेव्हा. इंजेक्शनसाठी दंड पुढे करून डोळे मिटून बसलं आणि कंपाउंडर म्हणाला थांबा जरा, की जसं होतं तसं. मारायला मिळालं नाही, हातात काही नाही, विचार करायला मात्र भरपूर वेळ. शिवाय तेवढ्यात तुमच्या डिफेन्सला समोरची रचना बघता येते, खोटी किक तर नाहीये ना हे तपासता येतं, ब्लॉक करायला कुणी कुठून घुसायचं ते ठरवता येतं. हा फायदा मला किकरच्या मनाशी खेळण्यापेक्षा जास्त खात्रीचा वाटतो.

आता उपयोग होतो का हा तुमचा मूळ प्रश्न. स्कॉट बेरी आणि क्रेग वुड या दोघांनी 2004 साली 2002 आणि 2003 या दोन सीझनच्या किक्स तपासल्या, आणि लांबच्या दबावाच्या किक्समध्ये आइसिंगने यशाची शक्यता साधारण 10 टक्क्यांच्या आसपास घटते असं मांडलं. त्यानंतर जास्त वर्षांचा डेटा घेऊन झालेल्या बऱ्याच विश्लेषणांत परिणाम अगदी किरकोळ निघाला किंवा निघालाच नाही. मला हे पटतं, कारण एनएफएलपर्यंत पोचलेला किकर म्हणजे शाळा-कॉलेजपासून हजारो किक्स मारलेला माणूस, आणि हल्ली प्रत्येकाला माहीतच असतं की टाइमआउट येणार. अपेक्षित गोष्टीने कोण दचकणार? अंतर, वारा, ओलं गवत, स्नॅप नीट आला का, यांचा परिणाम कितीतरी मोठा. मैदान ओलं किंवा बर्फाळलेलं असेल तर टाइमआउट म्हणजे समोरच्यांना पाय टेकायची जागा साफ करायला दिलेला वेळ, हेही कोच विसरतात.

तुम्ही म्हणाल शिकागोच्या कोडी पार्कीचं काय? 6 जानेवारी 2019, फिलाडेल्फियाविरुद्ध, 43 यार्ड, आइसिंगच्या आधीची किक आत गेलेली आणि नंतरची खांबाला लागून मग आडव्या दांडीला आपटून बाहेर, शिकागो 15-16 ने घरी. टीव्हीवर सगळे म्हणाले मन डळमळलं. पण रिप्ले हळू करून बघा, फिलाडेल्फियाच्या ट्रेव्हॉन हेस्टरची बोटं चेंडूला लागलेली आहेत, अधिकृत नोंदसुद्धा ब्लॉक म्हणून झाली. दोष मनाला, काम बोटांचं.

मग कोच का घेतात? कारण शेवटचं एखादं सेकंद उरलेलं असताना उरलेला टाइमआउट काही बरोबर नेता येत नाही, आणि घेतला नाही अन् किक बसली तर दुसऱ्या दिवशी सगळे विचारतात काहीच का केलं नाही. मला हे कारण समजतं. पण 40-50 सेकंद बाकी असताना जो कोच आइसिंगसाठी टाइमआउट उडवतो त्याचं मात्र मला खरंच वाईट वाटतं, कारण किक बसल्यावर चेंडू त्याच्याकडेच येणार असतो, आणि तेव्हा घड्याळ थांबवायला तोच टाइमआउट सोन्यासारखा असतो.

आणि आपल्याच किकरला गोठवू नका! 4 डिसेंबर 2011, डॅलसचा डॅन बेली ॲरिझोनाविरुद्ध 49 यार्डांची आत मारतो, पण स्वतःच्याच कोचने, जेसन गॅरेट यांनी, त्याआधी टाइमआउट घेतलेला. परत मारली ती चुकली, ओव्हरटाइममध्ये डॅलस 13-19 ने हरलं.

प्रश्न: असं मुद्दाम थांबवणं खिलाडूवृत्तीत बसतं का? मुलांना आपण काय शिकवायचं?
— एक शिक्षक, पंचवटी

उत्तर: बसतं, सर, जोवर नियमात आहे तोवर. टाइमआउट टीमच्या हक्काचा आहे, तो कधी वापरायचा हा डोक्याचा भाग. आणि मर्यादा नियमानेच घातलीय, एकाच थांब्यात एक टीम लागोपाठ दोन टाइमआउट घेऊ शकत नाही. 2 डिसेंबर 2007 ला वॉशिंग्टनचे जो गिब्स, एवढा मोठा अनुभवी कोच, बफलोच्या रायन लिंडेलला गोठवायला एक टाइमआउट घेऊन लगेच दुसरा मागून बसले. 15 यार्डांचा दंड झाला, 51 यार्डांची किक 36 ची झाली, लिंडेलने ती सहज घातली आणि बफलो 17-16 ने जिंकलं. मुलांना ही मॅच जरूर सांगा, नियम पाठ नसला की काय होतं ते यात आहे.

मला खटकतं ते वेगळं, दुखापतीचं नाटक करून वेळ काढणं. इथे लोक 29 जून 2024 ची फायनल काढतात, ऋषभ पंतने गुडघ्याला पट्टी लावून घेतली, खेळ थांबला, आणि 17 व्या ओव्हरच्या पहिल्याच बॉलला हार्दिकने क्लासेनला काढलं, आपण 7 रनांनी वर्ल्ड कप जिंकला. आपल्याला आनंद झाला, मलाही झाला. पण त्याच्या आधीची बुमराची ओव्हर बघा, अवघ्या 4 धावा, दबाव तिथेच वाढला होता. थांबण्याचं श्रेय थोडं जास्तच दिलं जातं असं मला वाटतं.

प्रश्न: दादा, मी नाशिकरोडला कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. जिल्ह्याच्या मॅचमध्ये शेवटच्या मिनिटाला मला दोन फ्री थ्रो होते आणि समोरच्यांनी टाइमआउट घेतला. बेंचवर बसल्यावर पोटात गोळाच आला, दोन्ही गेले. यावर काही उपाय?
— एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर: आहे, आणि तो प्रॅक्टिसमध्येच करायचा आहे. पहिलं म्हणजे नियम माहीत करून घे. आंतरराष्ट्रीय नियमात पहिल्या फ्री थ्रोसाठी चेंडू एकदा तुझ्या हातात आला की मग शेवटचा फ्री थ्रो होईपर्यंत टाइमआउट मिळत नाही. म्हणजे ते तुला थांबवणार ते त्याच्या आधीच, दोन थ्रोंच्या मधे नाही. त्यामुळे फाऊल झाला की मनात धरूनच चाल, आता टाइमआउट येणार. आला तर ठरल्याप्रमाणे, नाही आला तर बोनस.

दुसरं, चेंडू मिळाल्यापासून 5 सेकंदात मारायचा असतो, तर तुझी लय त्यात बसेल एवढीच ठेव. दोन टप्पे, एक श्वास, रिंगच्या पुढच्या कडेवर नजर, शॉट. रोज तीच. कधी तीन टप्पे कधी एक असं करू नकोस, कारण दडपणात शरीर जे पाठ आहे तेच करतं.

तिसरं, आणि हे कुणी करत नाही. आपल्याकडे फ्री थ्रोची प्रॅक्टिस म्हणजे एका जागी उभं राहून पन्नास मारणं, मॅचमध्ये असं कधीच होत नाही. तू काय कर, कोर्टच्या चार-पाच फेऱ्या जोरात पळ, धाप लागली की लाइनवर ये, आणि मैत्रिणीला सांग आता टाइमआउट. खाली बस, पाणी पी, मिनिटभर तिला बोलू दे, हवं तर चिडवू दे. मग उठून फक्त दोनच मार. झाले की परत पळ. असे दहा वेळा दोन-दोन, हे सलग शंभर मारण्यापेक्षा जास्त कामाचं.

बेंचवर बसल्यावर हरलो तर काय हा विचार येणारच, त्याच्याशी भांडत बसू नकोस. त्याऐवजी कोचला एक प्रश्न विचार, दुसरा थ्रो चुकला तर रिबाउंडला कोण, आत गेला तर डिफेन्स कुठला. डोक्याला काम मिळालं की ते हाताच्या कामात नाक खुपसत नाही. हात गार पडत असतील तर टॉवेलमध्ये गुंडाळून ठेव, बोटं हलवत राहा, आणि उठताना दोन-तीन हलक्या उड्या मारून मगच लाइनवर जा.