गोचीड दिसतात, फुप्फुस दिसत नाही

प्रश्न : डॉक्टर, मी कुडाळजवळच्या एका गावात सर्पमित्र म्हणून काम करतो. गेल्या आठवड्यात कोंबड्यांच्या खुराड्यातून सातेक फुटांचा अजगर पकडला. डोळ्यांजवळ आणि पोटाखाली मिळून तीस-चाळीस गोचीड होते. काही रॉकेल लावून काढले. वनखात्याला कळवलंय, बरा झाला की सोडू म्हणाले. पण आता तो मान वर धरून तोंड उघडं ठेवतो, नाकपुडीत बुडबुडे येतात. गुरांना देतात ते गोचिडाचं इंजेक्शन इथं मिळतं. किती देऊ?

उत्तर : इंजेक्शन देऊ नका आणि रॉकेल आजच बंद करा. खवल्यांमधली कातडी पातळ असते, रॉकेल तिथून अंगात मुरतं. कोमट पाण्याने अंग पुसून घ्या. ते इंजेक्शन सापांना चालतं, पण गुरांच्या बाटलीतल्या एका मिलीत 10 मिलिग्रॅम औषध असतं. अंदाजाने ओढलेली सिरिंज अजगराला सहज दसपट होते, आणि तुमचा अजगर आधीच धापा टाकतोय.

गोचीड बारीक चिमट्याने काढा. कातडीला चिमटा टेकवून धरा आणि सरळ, सावकाश ओढा. त्याचं तोंड आत तुटलं तर खवल्याखाली पू होतो, आणि सापाचा पू वाहून जात नाही. तो पनीरसारखा घट्ट असतो, चिरून खरवडावा लागतो.

मला खरी काळजी बुडबुड्यांची आहे. सापाला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो, त्यामुळे जोर लावून खोकता येत नाही. कफ आतच साचतो. मान वर धरणं ही श्वासासाठीची धडपड आहे. बहुतेकदा हा जिवाणूंचा न्यूमोनिया निघतो, पण नेहमी नाही. ऱ्हॅब्डियास नावाचा बारीक जंत सापाच्या फुप्फुसातच राहतो. श्वासनळीच्या तोंडाशी तार धरणारा चिकट कफ दिसतो. त्यातला थेंबभर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की अंडी किंवा वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. असं असेल तर महिनाभर प्रतिजैविकं देऊनही जंत जागचा हलत नाही. म्हणून आधी कफ बघायचा, मग औषध ठरवायचं. तोंड उघडण्याचं काम एकट्याने करू नका, पशुवैद्यांसमोर करा.

विष्ठेचा नमुनाही त्याच दिवशी पोहोचवा. तिच्यात पेंटास्टोमची अंडी निघू शकतात. हाही फुप्फुसात राहणारा परजीवी, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात घर करतात. हातमोजे घाला. त्याचं पाण्याचं भांडं घरातल्या मोरीत धुवू नका. रक्त तपासलंत तर तांबड्या पेशींत हेपॅटोझून नावाचा सूक्ष्म परजीवी दिसेल कदाचित. त्या अहवालाने घाबरू नका. रानातल्या सापांत तो बऱ्याचदा असतो, साप त्याच्यासह नीट जगतो. त्याच्यामागे औषधं घेऊन लागू नये.

या सगळ्याच्याही आधी ऊब. थंड पडलेल्या सापाची प्रतिकारशक्ती मंदावते, औषधही नीट लागू पडत नाही. पेटीच्या एका टोकाला 30 ते 32 अंश, दुसऱ्या टोकाला 26च्या आसपास ठेवा. बल्ब जाळीबाहेर हवा. साप तापलेल्या जागेवर पोट भाजेपर्यंत पडून राहतो, अशी पोटं मी पाहिली आहेत. मग प्रतिजैविक. सेफ्टाझिडीम सापाच्या अंगात इतकं टिकतं की 72 तासांतून एकदा पुरतं. सुई शरीराच्या पुढच्या अर्ध्यात टोचायची, कारण शेपटीकडचं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जातं. तुमच्याकडच्या पशुवैद्यांना सापाची सवय नसेल तर हे उत्तर त्यांना दाखवा. अजगराचं वजन करूनच जा.

आणि ज्या पोत्यातून त्याला आणलं ते उकळा. त्यात दुसरा साप घालू नका. सोडवलेलं कासवही त्याच्या शेजारी ठेवू नका. कासवाच्या आतड्यात एंटअमीबा इन्व्हाडेन्स नावाचा सूक्ष्म परजीवी निमूट राहतो, तोच सापाच्या आतड्याला जखमा करून त्याला मारतो.

प्रश्न : आमच्या लाल कानाच्या कासवाच्या शीमध्ये जंत दिसले. दुकानदार म्हणतो, कुत्र्याचं आयव्हरमेक्टिन पाण्यातून द्या. देऊ का? घरात चार वर्षांची मुलगी आहे. (ठाणे)

उत्तर : ताई, कासवाला आयव्हरमेक्टिन कधीच नाही. एक थेंबसुद्धा नाही. नवा डॉक्टर असताना पकडून आणलेलं एक तारा कासव माझ्याकडे आलं होतं. वासराला देतो तसं मी ते औषध त्याला दिलं. दुसऱ्या दिवशी मान कवचाबाहेर लोंबत होती, पाय ओढले तरी आत घेत नव्हतं. चौथ्या दिवशी ते गेलं. हे औषध कासवाच्या मेंदूपर्यंत पोहोचतं आणि अंग लुळं पाडतं, हे मी त्यानंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

विष्ठा तपासून घ्या. उपचार लागलेच तर फेनबेंडॅझोल, तेही वजनावर, डॉक्टरांच्या हातून. मुलीला कासवाला हात लावू देऊ नका आणि टाकीचं पाणी संडासात ओता. ठणठणीत कासवाच्याही शीतून साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जिवाणू पडतो. अमेरिकेत याच कारणासाठी 1975 साली 4 इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली, कारण मुलं ती तोंडात घालत होती.