लाओसमधल्या नोंग खियावला चार दिवस द्यावेत का, की एक रात्र पुरे?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत एकटेच पाठीवर बॅग टाकून लाओसला निघालाय, शाकाहारी आहात, आणि लुआंग प्रबांगहून नोंग खियावला एका रात्रीपुरतं जावं की निवांत राहावं हे ठरत नाहीये. माझं उत्तर स्पष्ट आहे: चार दिवस द्या. दोन नोंग खियावला, आणि दोन होडीने आणखी वर मुआंग न्गोयला. त्यासाठी लुआंग प्रबांगमधला एखादा दिवस कापावा लागला तरी कापा.

एका रात्रीसाठी येणारे दुपारी मिनीव्हॅनमधून उतरतात, पहाटे फा डेंगच्या माथ्यावर जातात, फोटो काढतात आणि परतीची गाडी पकडतात. फा डेंग चुकवू नकाच. जानेवारीत पहाटे नाम ऊ नदीचं सगळं खोरं धुक्याने भरलेलं असतं आणि चुनखडीचे सुळके तेवढे वर दिसतात. सूर्योदय गाठायचा तर अंधारातच हेडटॉर्च लावून निघा; वर पोचायला तास-दीड तास लागतो. वाट जंगलातून जाते आणि खडी आहे, पण सह्याद्रीतल्या गडांची सवय असेल तर सहज जमेल.

त्या वाटेवर एक सूचना दिसते: पायवाट सोडू नका. ही सूचना साप-विंचवासाठी नाही, न फुटलेल्या बॉम्बसाठी आहे. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, 5,80,000 उड्डाणं करून. 1962च्या जिनिव्हा कराराने हा देश तटस्थ ठरला होता, तरीही. क्लस्टर बॉम्बमधून मुठीत मावतील एवढाले सुमारे 27 कोटी छोटे बॉम्ब पडले आणि त्यातले तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. ते अजून शेतात, रानात सापडतात. पोरं त्यांना चेंडू समजून उचलतात.

म्हणून माझा आग्रह आहे की शिखराआधी फा टोकची गुहा पाहा. गावातल्या नाम ऊवरच्या पुलापासून पूर्वेकडे दोन-तीन किलोमीटरवर, रस्त्याला लागूनच आहे. चालत किंवा सायकलने जा. समोर भातखाचरं आणि मागे उभा कडा. बॉम्बवर्षाव चालू असताना गावकरी याच गुहेत राहिले. आत टॉर्च घेऊन फिरताना मला सर्वांत जास्त काय लागलं असेल, तर तिथला ओलावा. लहान मुलं, म्हातारी माणसं त्या काळोखात दिवसच्या दिवस कशी राहिली असतील, हा विचार मनातून जात नाही. हे पाहून मग फा डेंग चढलात की खालचं खोरं वेगळं दिसतं. बॉम्बची रिकामी टरफलं इथे कुंपणाचे खांब किंवा फुलझाडांच्या कुंड्या म्हणून वापरलेली दिसतील. लोकांनी त्या लोखंडाचा असा उपयोग केला, याचा मला मनापासून आदर वाटतो.

राहायला पुलापलीकडची पूर्वेची बाजू बघा, म्हणजे ‘सोप हून’ नावाची वस्ती. नदीकडे तोंड करून लाकडी खोल्या आहेत, बहुतेकांना व्हरांडा आणि हॅमॉक असतो. डोंगर उतरून आल्यावर संध्याकाळी गवती चहा आणि औषधी पाल्याच्या वाफेचं सौना जरूर घ्या.

आता नदीबद्दल. पूर्वी लुआंग प्रबांगहून इथे होडीनेही येता यायचं, जवळजवळ अख्खा दिवस लागायचा. तो प्रवास संपला. चिनी कंपनीने नाम ऊवर सात धरणांची साखळी बांधली, एकूण 1,272 मेगावॉटची, आणि खालच्या अंगाच्या धरणाने होडीची वाट बंद झाली. वरच्या बाजूलाही धरण आहे. मधला नोंग खियाव ते मुआंग न्गोय हा तासाभराचा टप्पा मात्र अजून होडीने करता येतो. मुआंग न्गोयला आता कच्चा रस्ताही गेलाय, पण तुम्ही होडीनेच जा. होडी अरुंद असते, पाणी हाताशी, काठावर म्हशी. सकाळी वारा बोचतो, विंडचीटर बॅगेत तळाशी ठेवू नका.

मुआंग न्गोयला जवळपास एकच सरळ रस्ता आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना घरं. चोवीस तास वीज आली तीही गेल्या दशकात. तिथून पूर्वेला बान ना गावापर्यंत तासाभराची चाल आहे. वाटेत थाम कांग गुहा आणि तिच्यातून येणारा ओढा लागतो. जानेवारीत भात कापलेला असतो, खाचरं कोरडी असतात, चालायला सोपं. बान नाला रात्री साध्या घरगुती खोलीत राहता येतं. माझ्या मते या चार दिवसांतली सर्वांत चांगली रात्र तीच. मात्र इथेही मळलेली वाट सोडायची नाही.

शाकाहाराचं थोडं जपून. बांबूच्या छोट्या टोपलीत येणारा चिकट भात हाताने गोळा करून खातात; तो पोटभर आणि निर्धोक. पण पाडेक, म्हणजे आंबवलेल्या मासळीचा रस, कच्च्या पपईच्या सॅलडपासून भाजीपर्यंत कशातही असतो. ‘मासे नको, फिश सॉस नको, पाडेक नको’ हे लाओ भाषेत फोनमध्ये लिहून घ्या आणि दाखवा. नदीतल्या शेवाळाचे तीळ लावून वाळवलेले पापड, काइपेन, खाऊन बघाच, पण त्यासोबतच्या जेओ बोंग चटणीत बहुधा म्हशीचं कातडं असतं. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सोबत न्या, भाताबरोबर झकास लागतात.

रोख किप, म्हणजे लाओसचं चलन, लुआंग प्रबांगलाच काढून ठेवा. व्हिएन्तिआनहून येणार असाल तर डिसेंबर 2021 पासून रेल्वे आहे, लुआंग प्रबांगला सुमारे दोन तासांत पोचवते. तिकिटं लवकर संपतात, आधी घ्या. पुढची मिनीव्हॅन तीन-चार तास घेते, रस्त्याला खड्डे आहेत.

वाटेत वांग व्हिएंगला थांबणार असाल तर फुकट दिलेली किंवा सुट्टी दारू अजिबात घेऊ नका. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथे मिथेनॉलच्या विषबाधेने सहा परदेशी पर्यटक गेले. प्यायचीच तर सीलबंद बिअर, तीही समोर उघडलेली.